क्रूझरवाल्या मामांना जाहीर पत्र

मामा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायची तुमच्याकडं सोय नाही. मानायला लागलं की तुम्ही "असू दे की ओ" म्हणता आणि गाडी सुरू करता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. मे महिना लागला की बेळगावात शहापूर असो, वडगाव असो की टिळकवाडी, चार आया जमल्या की प्रश्न एकच: पोरांना न्यायचं कुठं? गोवा झाला, कोल्हापूर झालं, भूतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय झालं. बेळगावाच्या आसपास दाखवण्यासारखं काय आहे म्हणून जी विचारते तिला मी तुमचा नंबर देते. आता नुसता नंबर न देता, आमच्या गल्लीतल्या पोरांना तुम्ही तुमच्या क्रूझरमधून कुठं कुठं नेलंत आणि काय केलंत तेही सांगावं म्हटलं.

पोरांना म्युझियममध्ये नेलं की आम्ही मोठी माणसं पहिल्या कपाटापासून पाट्या वाचायला लागतो. दुसऱ्या कपाटापाशी धाकट्यांना तहान लागते, तिसऱ्यापाशी भांडणं. तुमचा कायदा वेगळा. आधी खाणं, मग लघवी, मग आत. आत गेल्यावर ज्यानं त्यानं एकच वस्तू निवडायची आणि परतताना गाडीत तिची गोष्ट सांगायची. गोष्ट रंगली तर पुढची सीट, तुमच्या शेजारची. त्या सीटसाठी आमच्या गल्लीतल्या पोरांनी जेवढं निरखून पाहिलं तेवढं शाळेच्या सहलीत कधी पाहिलं नसेल.

सुरुवात तुम्ही किल्ल्यापासून केलीत, हे मला तेव्हा जरा चमत्कारिक वाटलं होतं. किल्ला काय, रोजचा जाण्यायेण्यातला. पण तिथल्या कमलबस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, तुम्ही पोरांना खाली बसवलंत आणि नुसतं वर बघा म्हणालात. छतातून खाली उमललेलं ते दगडी कमळ. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली ही बस्ती बांधली. कमळाच्या पाकळ्या बहात्तर, कारण भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. तुम्ही आकडा आधी सांगितला नाहीत. पोरांनी मोजले, चुकले, भांडले, पुन्हा मोजले, आणि मग कुणीतरी चोवीस त्रिक बहात्तर म्हणालं. पाढ्याचा असा उपयोग मी पहिल्यांदा पाहिला.

तिथूनच किल्ल्यातल्या रामकृष्ण आश्रमात. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, आधी रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी उतरले आणि मग किल्ल्यात हरिपद मित्र यांच्या बंगल्यात राहिले. ते घर आता स्मारक आहे. फोटोतले भव्य स्वामी पाहून पोरं गप्प झाली होती. तेव्हा तुम्ही हळूच सांगितलंत, की भाट्यांच्या घरी जेवण झाल्यावर स्वामींनी पान-सुपारी मागितली आणि चघळायला थोडी तंबाखूही. भाट्यांच्या मुलानंच पुढं आठवणींत हे लिहून ठेवलंय, आणि तेव्हा स्वामी संस्कृत व्याकरणाचा ग्रंथ, पाणिनीची अष्टाध्यायी, पाठ करत होते, हेही. संन्यासी आणि तंबाखू! निपाणीकडं मामाचं गाव असलेला आमचा एक पोरगा तर एकदम जवळचा माणूस भेटल्यासारखा खूश झाला. मला तुमच्या सांगण्याची जरा काळजी वाटली होती, पण अष्टाध्यायी म्हणजे काय, हे त्याच पोरानं घरी येऊन विचारलं.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या संग्रहालयाचं श्रेय सगळं तुमच्या मेव्हण्यांना. लष्करी आवार, कुणी उठून आत जावं असं ते ठिकाण नव्हे. परवानगी कुणाकडं मागायची, ओळखपत्रं कुणाकुणाची लागतील, हे त्यांनी आधी विचारून ठेवलं म्हणून जमलं. १७६८ पासूनची ही पलटण. तिच्यातल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १० जुलै १९४४ ला घाडग्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले, तरी ते एकटेच मशिनगनवर चालून गेले, ठाणं घेतलं आणि तिथंच गोळी लागून गेले. ही गोष्ट सांगायला सगळ्यांत दांडगट पोरगा उभा राहिला आणि मध्येच थांबला. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत, पुढच्या सीटवर बसवलंत.

वीरसौधाला आपण थोडाच वेळ होतो. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत भरलं, त्याचे फोटो आणि त्यासाठी खोदलेली विहीर. गंगूबाई हनगल लहान असताना तिथं गायल्या होत्या, हे ऐकून आमच्या पेटी शिकणाऱ्या मुलीनं तीच गोष्ट निवडली.

कित्तूरचं मात्र सविस्तर लिहायला हवं. राणी चन्नम्मांच्या वाड्याचे अवशेष आणि शेजारी सरकारी वस्तुसंग्रहालय. पाट्या कन्नडमध्ये. आमची पोरं शाळेत कन्नड शिकतात, त्यामुळं ती वाचत होती आणि आम्ही आया ऐकत होतो. अडलं की तुमच्याकडं बघायचं. तुम्ही तिथल्या पहारेकऱ्याशी अस्सल कन्नडात बोलायला लागलात आणि त्या गृहस्थांनी आपणहून सगळा वाडा फिरवला. इथं न्हाणीघर, इथं दरबार, आणि भिंतीतल्या या भोकातून ध्रुवतारा दिसायचा. दिवसा कुठला तारा दिसणार? पोरं हिरमुसली. तुम्ही म्हणालात, तारा हलत नाही, रात्री गच्चीवरून सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ धरून बघा. मग काय, त्या आठवड्यात शहापुरातल्या कितीतरी गच्च्यांवर उशिरापर्यंत कालवा.

तिथून नंदगड. आपण गेलो तेव्हा तिथं तिकीट नव्हतं, कपाटं नव्हती. संगोळ्ळी रायण्णांची समाधी आणि वड. चन्नम्मा इंग्रजांच्या कैदेत वारल्यावरही जो त्यांच्याशी लढत राहिला, त्याला १८३१ मध्ये इथं फाशी दिलं. जन्म १५ ऑगस्टचा आणि फाशी २६ जानेवारीची असं सांगतात, हे तुम्ही म्हणालात तेव्हा पोरांना वाटलं तुम्ही थापा मारताय. खानापूर तालुका तुमचा, त्यामुळं नंदगडला तुमचा आवाज जरा वेगळा लागला होता. कन्नड वीर की आपला, असला प्रश्न कुणा पोरानं विचारला नाही. तो प्रश्न मोठ्यांना पडतो.

आणि विजापूर. रात्री निघायचं म्हणताच घरोघरी कटकट झाली, तुम्ही ऐकलं नाहीत. गोलघुमट पहाटे, गर्दी व्हायच्या आत, हे तुमचं म्हणणं वर पोहोचल्यावर पटलं. महंमद आदिलशहाची कबर, १६५६ च्या सुमाराला पुरी झालेली, घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. गर्दी झाली की सज्जात नुसत्या शिट्ट्या ऐकू येतात. आपण गेलो तेव्हा पलीकडच्या टोकाला भिंतीशी कुजबुजलेलं अलीकडं स्पष्ट आलं. आमच्या धाकट्यानं पलीकडून आईची तक्रार केली आणि ती आईनंच ऐकली.

बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात. पण समोरच्या नक्कारखान्यात १८९२ पासूनचं वस्तुसंग्रहालय आहे, आणि ऊन चढल्यावर तुम्ही सगळ्यांना तिथल्या सावलीत घातलंत. दिवाळीला मातीचे किल्ले करणारी बेळगावची पोरं. त्यांना आदिलशाही म्हणजे फक्त अफजलखान. तिथली नक्षीदार हस्तलिखितं, शस्त्रं, चिनी मातीची भांडी बघून एकानं विचारलं, "शहाजीराजे याच दरबारात होते ना?" होते की. पुढची सीट त्याचीच. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी मामांची सूचना इथंच लिहिते: शुक्रवारी गोलघुमट उघडा असतो, पण हे संग्रहालय बंद. वार बघून निघा.

हे सगळं एका सुट्टीत उरकू नका, असंही तुम्ही प्रत्येकीला सांगता, आणि त्यात तुमच्याच धंद्याचं नुकसान आहे. गोकाकला तर तुम्ही धबधबा आणि झुलता पूल दाखवून, करदंट ही तिथली मिठाई खायला घालून परत आणलंत, आणखी काही बघू दिलं नाहीत. पोरं दमलीत, बास, म्हणालात.

आता कामाचं. कारवारच्या किनाऱ्यावर 'चपल' ही जुनी क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवलीय, तिच्या पोटात उतरायचं पोरांनी ठरवून टाकलंय. धारवाडचं विज्ञान केंद्रही राहिलंय, पण ते एका दिवसाचं काम, पावसाळ्यातही चालेल. कारवारला मुक्काम लागेल. दिवाळीच्या सुट्टीत किल्ले मोडून झाले की लगेच निघू, म्हणजे मुलं मोकळी असतील. तुमची लग्नसराईची भाडी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, त्याच्या आतली तारीख कळवा. दोन पोरं वाढलीत, तेवढं बसवून घ्या. मागच्या सीटला आता कुणी तयार नाही, हेही सांगून ठेवते.

आपली,
शहापुरातल्या गल्लीतली काकू