पणजोबांचं घड्याळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकूंच्या मागे त्यांचं कपाट उघडून बसलास आणि तीन दिवस झाले तरी एक खण रिकामा होईना, हे वाचून हसू आलं आणि गळाही दाटून आला. "काय ठेवू, काय वाटून टाकू?" असं तू विचारतोस. त्यावर माझ्याकडे शहाणपण नाही, पण आमच्या घड्याळाची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

तू ते पाहिलंयस. काळपट तबकडी, जाडजूड काटे, पणजोबांचं म्हणून आजीने जिवापाड जपलेलं मनगटी घड्याळ. त्याची कथा मी तुला निदान पाच वेळा ऐकवली असेल. रात्री नदी ओलांडताना नाव उलटली, पणजोबा अंधारात वाहत चालले, आणि घड्याळाच्या काट्यांचा हिरवा उजेड बघून काठावरच्यांनी त्यांना ओढून काढलं. बाहेर आल्यावर त्यांनी म्हणे आधी घड्याळ कानाला लावलं. टिकटिक चालू होती!

गेल्या महिन्यात ते बंद पडलं म्हणून एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं, बराच वेळ बघत राहिला. मग मलाही बघायला दिलं. इकडून तिकडे डुलणाऱ्या चाकावर एक लालसर खडा, आणि त्याच्यावर वीणेच्या आकाराची इवलीशी सोनेरी स्प्रिंग. घड्याळ पडलं की खडा जरासा सरकतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा जागेवर आणते, त्यामुळे चाकाच्या आसाचं केसाएवढं टोक मोडत नाही. या युक्तीचं नाव इन्काब्लॉक. ती आली १९३३-३४ च्या सुमारास.

आणि पणजोबा गेले १९३१ साली. फोटोच्या मागे आजीच्याच अक्षरात लिहिलंय.

दुकानात उभा होतो खरा, पण पायाखालची फरशी सरकल्यासारखं वाटलं. घड्याळजी बिचारा समजूत काढत होता, "साहेब, घड्याळ चांगलं आहे हो." जाताना त्याने बजावलं, काट्यांवरचा रंग खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका, त्यात रेडियम आहे, किरणोत्सर्गी. मी म्हटलं, आता तर ते चमकतही नाही. तो म्हणाला, चमकणारी पावडर थकते, रेडियम नाही. घरी येऊन वाचलं, तर त्याचं म्हणणं खरं. ती पावडर म्हणजे झिंक सल्फाइड, ते काही वर्षांत निकामी होतं, पण रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात.

मग मोठ्या आत्याला फोन केला. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी येतं, आठवण मात्र लख्ख. मी आडवळणाने विचारत होतो, तर तिने सरळ सांगितलं, "ते पहिलं घड्याळ आईने विकलं होतं रे. तुझे बाबा लहानपणी आजारी पडले ना, तेव्हा. पुढे तिला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तसंच दिसणारं जुनं शोधून आणलं." मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? "कुणी विचारलंच नाही."

म्हणजे बघ, आपण ज्याला पणजोबांचं शौर्य म्हणून मिरवत होतो ते आजीचं निघालं. आणि तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, उलट सगळं श्रेय बापाला देऊन मोकळी झाली. मला तरी ही गोष्ट नदीच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. बाबांना अजून वाटत नाही. ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

नदीची गोष्ट तरी खरी का? काय माहीत. माझ्या चुलतभावाच्या तोंडी त्या नावेची मोटरबोट झालीये. केंब्रिजच्या बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली छापलेल्या प्रयोगांत असंच काहीसं झालं होतं. त्याने लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली. सांगता सांगता सील मारायला गेलेले लोक साधे मासे पकडायला गेले, कथा आखूड झाली, विचित्र भाग गळाले. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. आपल्याला जे ओळखीचं, त्याच्याकडे गोष्ट झुकते.

तेव्हा एकच सांगतो. वाटणीची घाई करू नकोस. तुझ्या मावश्या आहेत तोवर एकेक वस्तू त्यांच्या हातात दे आणि गप्प बस. "जुन्या आठवणी सांगा" म्हटलं की माणसं भाषण करतात, हातात डबी दिली की बोलतात. दोघींचं जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेव, निवाडा करू नकोस. फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नकोस, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल घे. आणि चांदीच्या त्या पेल्यावरची अक्षरं पॉलिशने घासून घालवू नकोस, तेवढ्यासाठी हात जोडतो.

मी घड्याळाच्या डबीत चिठ्ठी टाकलीये. वर पणजोबांची गोष्ट, खाली आत्याची. बाबांनी वाचली, घडी घालून परत ठेवली. काही बोलले नाहीत.

रविवारी आत्याला पुन्हा फोन लावणार आहे. त्या रात्री नाव कोण चालवत होतं, हे आजवर एकानेही सांगितलेलं नाही.

मावश्यांना नमस्कार. लवकर लिही.

तुझाच,
मी