केमो मुंबईत, इंजेक्शन गावच्या फ्रिजमध्ये

मा. आरोग्यमंत्री साहेब,

राजापूर तालुक्यातनं लिहितोय. आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, केमो मुंबईला एका दिवसात होते आणि बाकीची ट्रीटमेंट गावी आल्यावर सुरू होते, ती कुणाच्या हिशोबातच नाही.

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, त्यात बोनमॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, रक्त बनवणाऱ्यापण जातात आणि पांढऱ्या पेशींचा काउंट पडतो. मग फिलग्रास्टिमचं इंजेक्शन द्यायचं, केमोनंतर २४ तास सोडून, पुढे रोज एक. शरीरात इम्युनिटीचे निरोप पोचवणारी प्रोटीन्स असतात ना, त्यातलंच हे एक, बोनमॅरोला सांगतं की पांढऱ्या पेशी बनवायला घे.  त्याने काउंट लवकर वर येतो, म्हणून तर २०१५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे.

पण ते २ ते ८ डिग्रीतच ठेवायचं, गोठवायचं नाही, जोरात हलवायचंपण नाही. आम्ही ते थर्मासात बर्फावर, मध्ये टॉवेलची घडी घालून, रात्रभर मांडीवर धरून रेल्वेने आणतो. ऑगस्टात वादळी पावसात लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, फ्रिजमधलं दूध फाटलं आणि शेजारी चार इंजेक्शनं. आरोग्य केंद्रात लसींचा फ्रिज आहे, लाईट गेली तरी थंड राहतो, पण त्यात लसीशिवाय काही ठेवता येत नाही. नियम बरोबर आहे, सिस्टरांचा काही दोष नाही. शेवटी ती चारही टाकून दिली, आईला १०१ ताप चढला, आणि काउंट पडलेला असताना ताप म्हणजे इमर्जन्सी, गाडी करून रात्रीच निघालो.

साहेब, कोकणातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात केमोच्या पेशंटसाठी बॅकअपवाला एक छोटा वेगळा फ्रिज द्या, इंजेक्शन टोचायला सिस्टर आणि त्याच दिवशी सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट. आणि ज्यांना चालतं त्यांना पेगफिलग्रास्टिम, म्हणजे फिलग्रास्टिमचंच जास्त दिवस टिकणारं इंजेक्शन, मोफत द्या, ते केमोच्या एका सायकलला एकदाच लागतं, दुसऱ्या दिवशी मुंबईतच टोचून गाडी पकडता येते, थर्मासच नको.

आईची पुढची केमो अनंत चतुर्दशीनंतर आहे.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक मुलगा