सड्यावरचा काळा दगड आणि पेरॉक्साइडचा फेस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या पाटण तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावांत महिनाभर एकच विषय चालू आहे. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, म्हणे मँगनीज सापडलं. दोघेजण गाडीतून येतात, काळे दगड पिशवीत भरतात, 'सर्व्हे फी' म्हणून एकरी पाच हजार घेतात आणि स्टॅम्प पेपरवर सही घेऊन जातात. माझ्या चुलतभावाने दोन एकरांचे दहा हजार मोजले. मी एकतीस वर्षं भंडाऱ्याकडच्या एका छोट्या मँगनीज खाणीत काढली, शेवटची चौदा वर्षं मेट, म्हणजे टोळीचा मुकादम म्हणून. पण घरच्या माणसाला कोण विचारतो?

गेल्या आठवड्यात ते पुन्हा आले तेव्हा मी पारावर जाऊन बसलो. त्यातल्या एकाने दगड ठेवला, मेडिकलमध्ये मिळते ती हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली उघडली आणि दोन थेंब टाकले. फसफसून फेस आला. फेस खरा होता. मँगनीज डायऑक्साइड लागलं की पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन सुटतो. मी घरून हातोडी आणली, दगड फोडला. आत करडा रंग, आपला नेहमीचा काळवत्री, म्हणजे काळा पाषाण. फुटलेल्या बाजूवर त्यांच्याच बाटलीतले थेंब टाकले तर नुसते ओघळून गेले. गडी म्हणतो कसा, "काका, वरचा माल कच्चा असतो, खाली पिकलेला मिळेल." एकतीस वर्षांत मी पिकलेला दगड पाहिला नाही.

झालं होतं एवढंच, की पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत मुरताना काळं पुट धरतं, आणि त्या पुटात मँगनीज असतं. कधी ते झाडाच्या फांद्यांसारखं पसरलेलं दिसतं, फार देखणं. जांभ्यातही असे काळे डाग असतात. पण त्याची जाडी कागदाएवढी. आपल्या काळ्या पाषाणात मँगनीज सापडायचं ते टक्क्याचा पाचवा हिस्सा, आणि आम्ही खाणीत चाळीस टक्क्यांवरचा माल वेगळा लावायचो.

तिकडची जमीनच वेगळी. आपला पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. बालाघाट, भंडारा, नागपूर हा पट्टा त्याच्या कितीतरी आधीचा. समुद्राच्या तळाशी गाळाबरोबर मँगनीज बसलं, मग तो गाळ दाबला गेला, तापला, घड्या पडून उभा राहिला. त्यात लालसर गार्नेटचे दाणे नि गारगोटी मिळून झालेला एक टणक खडक लागतो, त्याला तिथल्या गोंड लोकांवरून फर्मोर या इंग्रज भूवैज्ञानिकाने 'गोंडाइट' नाव दिलं. आमच्या ड्रिलच्या बिटांचा जीव त्यानेच घेतला.

थर उभा असल्यामुळे इन्क्लाइनने, म्हणजे तिरक्या उतरत्या बोगद्याने, खाली उतरायचं आणि खालून वर काढत यायचं. ब्लास्टिंग झालं, धूर निघून गेला की आधी मेट आत जाणार. सब्बलीने, म्हणजे पहारीने, छत ठोकायचं आणि कान द्यायचा. टण्ण वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर तो दगड सुटलेला, पाडल्याशिवाय कुणाला पुढे सोडायचं नाही. माल उचलला की पोकळी तशीच टाकायची नाही, पाइपातून पाण्याबरोबर नदीची वाळू आत सोडायची. पाणी निथळलं की त्याच वाळूवर उभं राहून वरचा पुढचा थर घ्यायचा. वर बाया हातोड्या घेऊन बसत, गोंडाइट बाजूला, माल बाजूला. त्यांचे हात साबणाला दाद देत नसत. टॉर्चचा जुना सेल फोडल्यावर जी काळी भुकटी निघते ना, तिच्यात हेच मँगनीज असतं. रंगही तसाच चिकटतो.

तिथला एक दगड मी आणला होता, दार आपटू नये म्हणून लावतो. पारावर तो आणि त्यांचा तेवढाच दगड चुलतभावाच्या दोन हातांत दिले. आमचा दीडपटीहून जड. तो काही बोलला नाही.

कुणाला तपासायचंच असेल तर दगड आधी धुवा, कारण मातीतल्या कुजक्या पाल्यानेही थोडा फेस येतो. मग फोडा आणि थेंब आतल्या बाजूवर टाका.

आणि समजा उद्या खरंच मँगनीज निघालं, तरी २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचा खाणपट्टा लिलावातूनच मिळतो. स्टॅम्प पेपरवर सही घेऊन कुणी दलाल खाण काढू शकत नाही. जिल्हा खनिकर्म कार्यालयाने एवढ्या दोन ओळी मराठीत लिहून प्रत्येक चावडीच्या फळ्यावर लावाव्यात, ही विनंती. आमच्या गावात ते लोक येत्या सोमवारी उरलेले पैसे घ्यायला येणार आहेत. पेरॉक्साइडची बाटली या वेळी मी आणून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त खाण मेट
ता. पाटण, जि. सातारा