बेसवाल्याचा हिशेब

परभणी,
२ जुलै

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात आहे. तो विषय इथेच संपला. पत्राचे कारण वेगळे आहे. अनघा बँकेतली नोकरी सोडून पुण्याच्या त्या रॉक बँडमध्ये पूर्णवेळ बेस गिटार वाजवणार आहे. मी नोकरीच्या काळजीने गप्प आहे असे घरात सर्वांना वाटते, आणि 'तुमचेच खूळ तिच्या डोक्यात शिरले' असे म्हणून तिची आई मोकळी झाली आहे. माझी काळजी निराळी आहे आणि ती तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही.

'द हू' या इंग्लिश रॉक बँडचा बेसवाला, आपला जॉन एन्टविसल आठव. तुझ्या मामांनी मुंबईहून आणलेल्या कॅसेटवर 'माय जनरेशन' लावले आणि लीड गिटारच्या जागी बेसच बोलू लागला, तेव्हा टेप बिघडला असे समजून तू हेड पुसायला घेतले होतेस. तुम्हा लीडवाल्यांचा तो माज मी अजून विसरलेलो नाही. १९६५ च्या त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याच्या डॅनइलेक्ट्रो बेसची बारीक तार तुटली की सुटी तार लंडनमध्येही मिळत नसे, म्हणून तो तारेसाठी अख्खा नवा बेस विकत घेई. आपण त्याच जुन्या तारा आईच्या पातेल्यात उकळून, पुसून, पुन्हा चढवत होतो. पाण्यावर काळपट तवंग यायचा आणि एकदोन कार्यक्रमांपुरता आवाज उजळायचा. त्या पातेल्यात आईने पुन्हा कधी भाजी केली नाही.

बँडमध्ये नाव होण्याआधी हा १९४४ साली जन्मलेला गृहस्थ तिकडच्या कर खात्यात कारकून होता. मला 'विक्रीकरवाला' म्हणून चिडवताना तू हे सोयीस्करपणे विसरायचास. पण कारकुनाच्या नजरेने त्याचा हिशेब मांडला की माझी झोप उडते. 'द हू'ची बहुतेक गाणी त्यांचा गिटारवाला पीट टाउनशेंड याच्या नावावर, म्हणून गीतलेखनाची रॉयल्टीही मुख्यतः त्याचीच. एन्टविसलच्या नावावर 'बोरिस द स्पायडर'सारखी मोजकी. बोटे याची आणि नाव दुसऱ्याचे. त्यात खर्च राजेशाही, ग्लॉस्टरशायरमध्ये भलामोठा वाडा आणि गिटारींचा ढीग. २७ जून २००२ रोजी, अमेरिकेचा दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, लास व्हेगासच्या हॉटेलात तो ५७ व्या वर्षी गेला. हृदय आधीच खराब, त्यावर कोकेन. १ जुलैला लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात त्याच्या जागी पिनो पॅलाडिनो वाजवत होता. पुढे कर भागवण्यासाठी वाडा विकला गेला आणि गिटारी सदबीजच्या लिलावात निघाल्या. ज्या खात्याच्या फायली त्याने लावल्या, त्याच खात्याने शेवटचा हात मारला!

अनघाच्या बँडची गाणी दोन मुले लिहितात. त्यांतले एक गाणे तिने मला ऐकवले; ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्या बेसवर उभे आहे, तो काढला तर खाली काही उरत नाही, हे मी बाप म्हणून नव्हे तर वाजवणारा म्हणून सांगतो. आपल्याकडे २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का केला, पण त्यासाठी संगीतकार म्हणून नाव लागायला हवे. ते कोणाचे लागणार, असे विचारले तर म्हणाली, "बाबा, आम्ही मित्र आहोत." मित्र तर आपणही होतो. सेलूच्या गणपतीतले मानधन वाटताना 'अँप माझा आहे' म्हणून जास्तीचा वाटा कोणी उचलला, ते मी लिहीत नाही.

वहिनींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले का? नांदेडच्या नव्या घराची वास्तुशांती आम्हाला न बोलावता उरकली असशील तर आहेर मिळणार नाही.

तिला अडवायचा माझा मुळीच विचार नाही. पण मी तोंड उघडले की तिला नोकरीचेच ऐकू येते. या महिनाअखेरीस ते एका कंपनीशी करार करणार आहेत. त्याआधी तू तिला फोन कर आणि प्रत्येक गाण्यापुढे कोणाकोणाची नावे व किती वाटा, हे कागदावर लिहून घ्यायला सांग. सुधाकरकाकांचे ती ऐकते, शिवाय लीडवाले कसे असतात हे तुझ्याइतके अधिकाराने तिला कोण सांगणार?

तुझा,
विनायक