चराच्या भिंतींचा आधार निविदेत वेगळा मोजावा

माननीय संपादक,

पावसाळा तोंडावर आला की शहरोशहरी मलनिस्सारण वाहिन्या टाकण्याची एकच घाई उडते आणि चराची कड ढासळून मजूर गाडले गेल्याच्या बातम्या येऊ लागतात. याला दुर्दैव म्हणवत नाही, कारण हे अपघात टाळण्याची रीत सरकारी कागदांतच लिहिलेली आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा संहितेनुसार दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू उतरत्या कापाव्या लागतात किंवा त्यांना लाकडी आधार द्यावा लागतो. काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तितकी दूर टाकावी लागते.

प्रत्यक्षात अरुंद गल्लीत मातीचा ढीग काठालाच टेकलेला असतो, वर जेसीबी धडधडत असतो आणि खाली पाइपच्या सांध्यात रबरी रिंग बसवणारा मजूर उकिडवा बसलेला असतो. त्यामुळे उभ्या माणसाच्या छातीइतका चरही त्याच्या डोक्यावरून जातो. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचे तोंड उघडे राहिले तरी छाती फुगत नाही आणि तो गुदमरतो. त्यातच शहरातली जमीन अनेकदा खणलेली असते. शेजारच्या जुन्या जलवाहिनीचा सैल भराव आणि तिची गळती यांमुळे सकाळी ताठ उभी असलेली कड दुपारी कोसळू शकते. (अशा वेळी माणूस काढायला जेसीबीचे बकेट घालणे हा दुसरा अपघात ठरतो, हेही मुकादमांना कोणी सांगत नाही.)

खरी मेख मात्र दरात आहे. अनेक निविदांमध्ये शोअरिंग आणि स्ट्रटिंग, म्हणजे चराच्या भिंतींना फळ्या व आडव्या टेकूंनी दिलेला आधार, खोदाईच्या दरातच धरलेले असते. ते केले किंवा न केले तरी ठेकेदाराचे देयक तेवढेच निघणार असेल, तर फळ्या आणि बल्ल्या वाचवणे हाच त्याचा नफा ठरतो, आणि कनिष्ठ अभियंत्यालाही बोट ठेवायला मोजमाप पुस्तिकेत स्वतंत्र नोंद सापडत नाही. म्हणून महापालिकांनी आणि नगरपालिकांनी ही बाब चौरस मीटरवर वेगळी मोजून तिचे पैसे वेगळे द्यावेत, आणि आधार लावल्याची नोंद व छायाचित्र नसेल तर त्या लांबीच्या खोदाईचेही देयक रोखावे. खर्च थोडा वाढेल, हे मान्य. तो अंदाजपत्रकातच धरावा आणि येत्या निविदांपासून ही दुरुस्ती लागू करावी.

एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे