शौचाच्या वेळा मोजणारे डॉक्टर

महोदय,

आतड्याच्या दाहावरचं संशोधन म्हटलं की हल्ली नव्या इंजेक्शनांचीच चर्चा होते. मला मात्र ऑक्सफर्डच्या डॉ. सिडनी ट्रूलव्ह यांची आठवण काढावीशी वाटते. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणाऱ्या आजाराच्या, २१० रुग्णांवर त्यांनी आणि लेस्ली विट्स यांनी कॉर्टिझोन या दाह कमी करणाऱ्या औषधाची चाचणी घेतली. तिचा अहवाल १९५५ साली आला. काहींना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी. कॉर्टिझोन घेणाऱ्यांचा आजार स्पष्टपणे जास्त आटोक्यात आला.

पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की आजार 'तीव्र' कधी म्हणायचा हे त्यांनी ठरवून दिलं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौच, जोडीला ताप, नाडी ९० च्या वर, हिमोग्लोबिन घसरलेलं, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेला. डॉक्टर आजही हेच निकष लावतात.

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार आहे. तिच्या उशाशी एक छोटी वही असते. रात्री अडीच, पहाटे चार, पेन्सिलीची एकेक रेघ. रक्त दिसलं तर लाल पेनाने. एकदा त्या रेघा आठ झाल्या आणि डॉक्टरांनी वही बघताच तिला दाखल करून घेतलं. लाजेपोटी तिने दोन दिवस ती वही आमच्यापासून लपवली होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्या आरोग्यविषयक पानावर हे निकष सोप्या भाषेत छापावेत, ही विनंती. 'पोट बिघडलंय' म्हणत अंगावर काढणारे ते वाचतील.

– एक वाचक