फायरबॉक्समधली टरफलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या मुलाकडे कॅनडात दोन महिने राहून आलो. धबधबा, मॉल सगळं झालं, त्यावर लिहायला लोक पुष्कळ आहेत. मी लिहितोय एका बोटीबद्दल. टोरंटोच्या उत्तरेला ग्रेव्हनहर्स्ट नावाचं गाव आहे, तिथे मस्कोका सरोवरात ‘सेगवन’ ही बोट अजून कोळशावर चालते. मी नागपूरच्या नॅरो गेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेवर, फायरमन होतो, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. उमेदीची वर्षं इतवारी-नागभीड मार्गावर बेलचा, म्हणजे कोळशाचं फावडं, मारण्यात गेली. धक्क्यावर गाडीचं दार उघडलं, कोळशाचा वास आला आणि सूनबाई काय सांगते आहे ते ऐकूच आलं नाही.

बोट १८८७ सालची. त्याच साली आपली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तेव्हा बोटीचं नाव ‘निपिसिंग’ होतं आणि दोन्ही अंगांना पाणी कापणारी चाकं होती. १९२५ मध्ये चाकं काढून खाली पंखे बसवले, नाव बदललं. ‘सेगवन’ म्हणजे तिथल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत वसंत ऋतू. सरोवराकाठी रस्ते नव्हते तेव्हा टपाल, किराणा, हॉटेलात उतरणारी मंडळी आणि त्यांच्या ट्रंका, सगळं या बोटींवरून जायचं. पुढे मोटारी आल्या आणि १९५८ मध्ये ही बोट बंद पडली. इथवर आपल्या नॅरो गेजचीच कथा. पण तिथल्या लोकांनी ती दुरुस्त केली आणि १९८१ पासून ती पुन्हा प्रवासी नेते.

मुलगा म्हणाला, “बाबा, वर चला, देखावा चांगला आहे.” म्हटलं, तुम्ही बघा. मी इंजिनाशी थांबलो. पहिल्यांदा चुकल्यासारखं झालं ते आवाजामुळे. आपलं रेल्वे इंजिन वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकतं, म्हणून ती भकभक, आणि त्याच ओढीनं आग फुलते. बोटीत तसं नाही. वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं. त्यामुळे एवढं धूड चालतं आणि आवाज शिवणयंत्राचा! वरून कप्तान घंटीनं हुकूम देतो, खाली इंजिनवाला लिव्हर फिरवतो.

आणि भट्टीवर कोण? विशीतली पोरगी. तोंड काळं, गळ्यात ओला रुमाल. तिचा हात बघत राहिलो. ढीग लोटत नव्हती. दोन-तीन बेलचे, की दार बंद. उघडं ठेवलं तर थंड हवा आत शिरते आणि वाफेचा दाब पडतो. मध्येच काचेच्या नळीत पाणी किती आहे ते बघायची. आमचा ड्रायव्हर यावरूनच आमच्या कानाखाली काढायचा, कारण पाणी उतरलं तर बॉयलरसकट सगळे वर जातात. आगीत जिथे पांढरं दिसतं तिथे थर पातळ झालेला असतो, कोळसा नेमका तिथे पडला पाहिजे. हे पुस्तकात वाचून येत नाही, मनगटाला येतं. एकदा तिनं डाव्या कोपऱ्यात जरा जास्त टाकला. माझा हात आपोआप हलला. तिनं वर पाहिलं आणि हसली. बोट धक्क्याला लागल्यावर ती पाणी प्यायला वर आली. मला इंग्रजी बेताचंच येतं, म्हणून मी तळवा पुढे केला. तिनं तिचा केला. घट्टे त्याच जागी, बोटांच्या मुळाशी.

(बेलच्यावर वांगं भाजून भरीत करता येतं, हे मात्र तिला खुणांनी सांगता आलं नाही.)

परत आल्यावर नातवाला घेऊन आपल्या शहरात शोभेसाठी ठेवलेलं एक इंजिन बघायला गेलो. जागा सांगत नाही, कुणाला बोल लावायचा नाही. रंग चकचकीत होता. फायरबॉक्सचं, म्हणजे भट्टीचं, दार ओढलं तर आत शेंगदाण्याची टरफलं आणि चिप्सची पाकिटं. नातवानं विचारलं, “आबा, हे कसं चालायचं?” तिथे सांगायला माणूस नव्हता. पाटीवर वजन आणि लांबी तेवढी होती.

उद्याच आग पेटवा असं मी म्हणत नाही. तपासणीशिवाय जुना बॉयलर पेटवणं म्हणजे जीवाशी खेळ, आणि तपासणीला पैसा लागतो. रेवाडी, दार्जिलिंग, निलगिरी इथे वाफेची इंजिनं अजून चालवतात, तिथे तो खर्च होतो, आपल्याकडे कधी होईल तेव्हा होवो. पण थंड इंजिनावरही पुष्कळ शिकवता येतं. बेलचा कसा धरायचा, बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर कधी लावायचा, क्लिंकर, म्हणजे राखेचा वितळून झालेला गोळा, कसा फोडायचा. आमच्या वेळचे फायरमन आणि ड्रायव्हर नागपुरात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यातल्या दोघांना दिसत नाही. महिन्यातून एका रविवारी आम्हाला त्या इंजिनापाशी उभं राहू द्या. मानधन नको, बसायला स्टूल दिलं तर बरं. गुडघे गेलेत.

संबंधितांना सवड नसेल तर शिकायची हौस असलेल्या पोरापोरींनी आपल्या कार्यालयात चिठ्ठी ठेवावी, मी भेटेन. बेलचा माझ्याकडे आहे, फक्त दांडा नवा बसवलाय. पांढरे कपडे घालून येऊ नये.

आपला,
एक निवृत्त फायरमन, मोतीबाग, नागपूर